जपानी रुपया

शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त इतिहास-प्रदर्शन भरवावयाचे ठरले, तेव्हा विद्यार्थ्यांना घरातील जुनी नाणी व नोटा आणण्यास सांगितले होते. आदर्श नगर ही वसाहत वाढली ती मुख्यतः फाळणीनंतर आलेल्या निर्वासित कुटुंबांमुळे. त्यामुळे येथील जुन्या ट्रंकांतून काय बाहेर येईल याचा नेम नसतो. एका मुलीने आपल्या रिझर्व्ह बँकेचीच, परंतु ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ ही अक्षरे वर छापलेली १९४८ सालची नोट आणली. कुणी भोकाचा पैसा आणला. माझ्याजवळची एक नोट मीही त्यांच्या शेजारी ठेवली. तिच्यावर पॅगोडाचे चित्र, इंग्रजीत ‘जपानी सरकार’ हे शब्द आणि किंमत दहा रुपये. नववीतील एका मुलाने ती बराच वेळ न्याहाळली आणि विचारले, “बाई, ही खरी की खोटी?”

त्याला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

१९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला, तरी रुपया तोच राहिला व तेथील नोटाही आपली रिझर्व्ह बँकच काढीत असे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले. सैन्याबरोबर नव्या नोटाही आल्या. जिंकलेल्या प्रत्येक मुलुखासाठी जपानने तेथल्या ओळखीच्या चलनाच्या नावाने कागद छापला होता : मलायात डॉलर, फिलिपिन्समध्ये पेसो, ब्रह्मदेशात रुपया. मलायातील दहा डॉलरच्या नोटेवर केळीचे झाड होते, म्हणून लोक त्या पैशाला ‘केळ्याचा पैसा’ म्हणत. कोणती नोट कोणत्या देशाची हे गट-अक्षरावरून कळे. ‘बी’ ब्रह्मदेशाचा, ‘एम’ मलायाचा, ‘पी’ फिलिपिन्सचा. माझ्या नोटेवर ‘बी’ आहे. अनुक्रमांक नाही, कुणा अधिकाऱ्याची सहीही नाही. आणखी एक मौज अशी की, आपल्याकडे सोळा आण्यांचा हिशेब चालू असताना जपान्यांनी ब्रह्मदेशासाठी एक, पाच व दहा सेंटच्या चिठ्ठ्या छापल्या. आपल्याकडे दशमान पद्धत आली ती १९५७ साली!

युद्धाने कागदी पैसा वाढवला तो केवळ जिंकलेल्या मुलखात नव्हे. पहिल्या महायुद्धात चांदी अपुरी पडू लागली तेव्हा सरकारने नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची व पाठोपाठ अडीच रुपयांची नोट काढली होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, एक रुपयाची नोट पुन्हा आली. रुपयाच्या नाण्यातील चांदी निम्म्यावर आली. तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून पैशाला भोक पाडले गेले. सुट्ट्या नाण्यांची टंचाई इतकी झाली की, बिकानेर, मोरवी, जुनागढ अशा संस्थानांनी पुठ्ठ्याची लहान कुपने काढली. संग्राहक आज ती कुपने मोठ्या हौसेने शोधतात. तरीही या सर्वांच्या मागे देणेकरी कोण हे ठाऊक होते. जपानी रुपयामागे केवळ बंदूक होती. लष्कराला भात, गुरे, मजुरांचे श्रम हवे असत. ते घ्यावयाचे आणि छापखान्यातला कागद हाती ठेवावयाचा. नोटा वाढत गेल्या, माल कमी होत गेला. मे १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य रंगूनला परतले, तेव्हा त्या नोटा रस्त्यांवर पाचोळ्यासारख्या पडल्या होत्या. परतलेल्या सरकारने त्या मान्य केल्या नाहीत. शत्रूने छापलेल्या कागदाचे देणे आपण का फेडावे, हा सरकारी युक्तिवाद समजण्याजोगा आहे. पण तीन वर्षे ज्यांना तो कागद घेणे भागच होते, त्यांनी काय करावे?

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातले. युद्धात ते सैन्याच्या मालवाहू गाड्या चालवीत आणि १९४५ मध्ये मेकटिलाहून रंगूनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते. युद्धाविषयी ते फारसे बोलत नसत. ही एक गोष्ट मात्र त्यांनी मला सांगितली. एका मुक्कामी एक म्हातारा शेतकरी नोटांचे पुडके घेऊन गाडीजवळ आला आणि खुणांनी मीठ मागू लागला. या नोटा घेण्याची परवानगी नव्हती आणि गाडीतले मीठ तर सरकारी. आजोबांनी मान हलवली. तेव्हा त्या म्हाताऱ्याने दोन्ही हातांची बोटे डोक्याशी धरून शिंगे दाखवली, दोनदा. मग पुडक्याकडे बोट केले. आजोबा शेतकऱ्याच्या घरातले, त्यांना कळले. पुन्हा मान हलवण्यावाचून त्यांच्या हाती काही नव्हते. पुडके गाडीच्या मडगार्डवर ठेवून तो माणूस निघून गेला.

त्यातल्या पाच नोटा घरी आल्या. त्यांतल्या तीन आम्ही भावंडांनी दुकान-दुकान खेळताना फाडल्या. उरलेल्या दोन मी बी.एड.च्या वर्षी वहीत डिंकाने चिकटवल्या. इतिहासाच्या विद्यार्थिनीकडून याहून मोठा अपराध होणे कठीण! एक सोडवताना गेली. दुसरी निघाली, पण तिच्या पाठीवर डिंकाचे डाग राहिले. म्हणून विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते : जुना कागद चिकटवू नये, त्याला लॅमिनेशन करू नये, उन्हात ठेवू नये, पारदर्शक पाकिटात सुटा ठेवावा. आणि त्याच्यासंबंधी घरातले वडीलधारे जे सांगतील, ते त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवावे. आजोबांची हकीकत मी त्यांच्या हयातीत लिहून घेतली नाही. त्या गावाचे नाव विचारायचेही राहून गेले.

एका नाणेसंग्राहकाला नोट दाखवली, तेव्हा तो हसून म्हणाला की, या नोटा अमाप छापल्या गेल्या, त्यात हिला डाग, हिचे फार काही येणार नाही. बाजाराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे योग्यच आहे.

प्रदर्शनात प्रत्येक वस्तूखाली एक चिठ्ठी लावण्याची पद्धत आम्ही ठेवली होती : देश, वर्ष, किंमत. नोटेखालची चिठ्ठी त्या नववीतल्या मुलाकडूनच लिहून घेतली. देश, ब्रह्मदेश. काळ, जपानी अंमल, १९४२ ते १९४५. किमतीपाशी तो थांबला. आजोबांची हकीकत मी त्याला आदल्या दिवशी सांगितली होती. थोडा विचार करून त्याने लिहिले : ‘दहा रुपये. एका बैलजोडीच्या किमतीपैकी.’