खूण दिसली, म्हणजे रोग कळला का?

आजचा विषय प्रयोगशाळेतला आहे आणि आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणारं कसं ओळखायचं, हा प्रश्न नैयायिकांचाही होताच. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. आज आपल्याला रक्तातला धूर शोधायचा आहे.

यात दोन वाटा एकत्र येतात. पहिली प्रकाशाची. १९८०च्या सुमारास सोव्हिएत संघात अलेक्सेई एकिमोव्ह रंगीत काचेचा अभ्यास करत होते. काचेतल्या कॉपर क्लोराइडच्या स्फटिकांचं माप बदललं, की काच शोषून घेते तो प्रकाशही बदलतो, हे त्यांना दिसलं. १९८३ साली अमेरिकेत लुई ब्रुस यांना द्रवात तरंगणाऱ्या कणांत हेच आढळलं. १९९३ साली मौंगी बावेंडी यांच्या गटाने असे कण एकसारख्या मापाचे बनवण्याची रीत दिली. हेच क्वांटम डॉट. द्रव्य तेच, पण लहान कण निळा उजळतो, मोठा तांबडा.

दुसरी वाट एका कृमीची. लांबी जेमतेम एक मिलिमीटर! त्याच १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांनी दाखवलं, की त्याच्या एका जनुकातून प्रथिन बनतच नाही. निघतो फक्त बावीसेक अक्षरांचा आरएनएचा तुकडा, आणि तो दुसऱ्या जनुकाचं काम रोखतो. हा मायक्रोआरएनए. ही त्या कृमीचीच खासियत असेल, असं अनेकांना वाटलं. पण २००० साली दुसरा असा तुकडा सापडला, आणि तो माणसातही निघाला. पुढे कर्करोगात यांचं प्रमाण बदलतं, हे कळलं. २००८ साली ते रक्तद्रवातही टिकून राहतात, हे दिसलं.

मग दोन्ही वाटा जुळल्या. क्वांटम डॉटला एक पूरक धागा बांधायचा आणि शेजारी त्याचा प्रकाश गिळणारा रेणू ठेवायचा. नेमका मायक्रोआरएनए येऊन धाग्याला चिकटला, की तो रेणू दूर सरतो आणि कण उजळतो. वेगवेगळ्या रंगांचे कण वापरले, तर एकाच थेंबात अनेक खुणा तपासता येतात.

आता खरी अडचण. अग्नी असला म्हणजे धूर असेलच असं नाही. त्याला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. इथलीही उपाधी ऐका. काही मायक्रोआरएनए तांबड्या पेशींतच भरपूर असतात. रक्त काढताना त्या पेशी फुटल्या, तर आकडा वाढतो, आणि रोग मात्र नसतो! रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाला हा फरक किती मोठा आहे, हे आमच्या वयाच्या मंडळींना सांगायला नको.

२०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉटला मिळालं, २०२४चं वैद्यकाचं मायक्रोआरएनएला. दोन्ही योग्यच. पण कण उजळला, म्हणजे खूण सापडली, एवढंच सिद्ध होतं. खूण आणि रोग यांची व्याप्ती पुष्कळ माणसं तपासूनच ठरते, निरोगी आणि आजारी दोन्ही. ते काम संथ आहे, आणि तेवढंच मोलाचं.

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.