भेगा सगळ्यांना दिसल्या होत्या

मंगळवार, 23 एप्रिल 2013, सकाळ. ढाक्याजवळच्या सावारमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत. खाली दुकानं आणि एका बँकेची शाखा, वर कपडे शिवणारे पाच कारखाने. प्रायमार्क, बेनेटन, मँगो अशा नावांसाठी तिथे काम चालायचं. त्या सकाळी खांबांना भेगा पडल्या आणि माणसं घाबरून खाली पळाली.

दुपार. पाहणी करणाऱ्या अभियंत्याने इमारत धोकादायक ठरवली. टीव्हीवर भेगा दिसल्या. बँकेने आपली माणसं घरी पाठवली.

संध्याकाळ. मालक सोहेल राणा म्हणाला, काळजीचं कारण नाही. वरचे मजले त्याने परवानगीशिवाय चढवले होते.

बुधवार, सकाळी 8. बँक बंद, दुकानं बंद. कारखान्यांसमोर मात्र हजारो कामगार उभे. त्यात बायाच जास्त, बऱ्याचजणी विशीच्या आतबाहेरच्या. वर जायला पाय उचलेना. मुकादम दटावत होते: आज आला नाहीत तर महिन्याचा पगार विसरा. महिना संपायला सहा दिवस उरलेले. किमान वेतन 3,000 टाका, म्हणजे तेव्हाच्या दोन हजार रुपयांच्या आसपास. त्यातून खोलीचं भाडं, किराण्याची उधारी, गावी आईला पाठवायचे पैसे. एक पगार बुडाला तर पुढचा महिना कशावर काढायचा? बँकेतल्या माणसाचा पगार घरी बसूनही चालू होता, शिलाई मशीनवरच्या पोरीचा नव्हता. इमारत एकच, भेगाही त्याच. कोण आत जाणार, हे पगाराने ठरवलं. त्या जिना चढल्या.

सुमारे 8:45. वीज गेली. वरच्या मजल्यांवरचे डिझेल जनरेटर सुरू झाले आणि इमारत हादरू लागली.

8:57. सगळे मजले एकावर एक बसले. 1,134 माणसं मेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली.

पेठ वडगावात बसून हे परक्या मुलखातलं वाटायला नको. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्याच हातकणंगले तालुक्यात, इचलकरंजीत, यंत्रमाग कामगार मजुरीवाढीसाठी संपावर होते. मीटरवर मजुरी मोजली जाते तिथे माग थांबला की चूल थांबते. अशा माणसाला धोका दिसत असूनही 'नाही' म्हणता येत नाही. म्हणून माझ्या मते रास्त पगार हीच कामगाराची पहिली सुरक्षा आहे. आग विझवायची नळकांडी त्यानंतर.

राणा प्लाझानंतर बांगलादेशातल्या कामगार संघटनांनी किमान वेतन म्हणून महिना 8,114 टाका मागितले. डिसेंबर 2013 पासून मिळाले 5,300.