चिक चॉकलेट

चिक चॉकलेट : (१९१६–मे १९६७). भारतीय जाझ ट्रंपेटवादक, वाद्यवृंदप्रमुख व चित्रपटसंगीत संयोजक. मूळ नाव अंतोनिओ झेवियर व्हाज. जन्म गोव्यातील हळदोणे (बार्देश) येथे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन व वाद्यवादन शिकवले जाई. मुंबईच्या हॉटेलांना आणि चित्रपटसृष्टीला वादक मिळाले ते मुख्यतः याच परंपरेतून. अमेरिकी जाझ ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग हा चिक यांचा आदर्श. त्याची वादनशैली, खरखरीत गायन, हातातला रुमालसुद्धा त्यांनी उचलला आणि ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ हे बिरुद मिळवले. मात्र त्यांना केवळ नकलाकार मानणे अन्यायाचे ठरेल.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांच्या वाद्यवृंदाने नाव कमावले. हॉटेलांतील नोकरी रात्रीची असल्याने दिवसा चित्रपटगीतांचे ध्वनिमुद्रण करता येई. संगीतकार सी. रामचंद्र (रामचंद्र नरहर चितळकर) यांच्याबरोबरचे त्यांचे काम सर्वांत महत्त्वाचे. चितळकरांना चाल सुचे. तिला स्विंग व लॅटिन अमेरिकी ठेक्यांचा साज चढवण्यात चिक यांचा मोठा वाटा असे. अभिनेते-दिग्दर्शक भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) ते वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. संगीतकार मदनमोहन यांच्यासाठीही त्यांनी संयोजन केले. ‘नादान’ (१९५१) व ‘रंगीली’ (१९५२) यांना त्यांनी स्वतंत्र संगीत दिले. परंतु संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही. चेतन आनंद यांच्या ‘आखरी खत’मधील (१९६६) क्लबच्या गीतात त्यांचे ट्रंपेटवादन पाहावयास मिळते.