पुन्हा फेर धरताना

‘आता या वयात नाच?’ असं स्वतःशी पुटपुटत ज्यांनी हे पुस्तक उघडलं, त्यांचं सर्वांत आधी स्वागत. चाळिशीत पहिल्यांदा नाचायला उभे राहणारे आणि दहावीच्या वर्षी घुंगरू माळ्यावर टाकून आता ते पुन्हा शोधणारे, अशा दोघांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे. विषय आहे आधुनिक नृत्य. वाचक आहेत सातारा-सांगलीचे. या दोहोंची ओळख करून देणं हे या प्रस्तावनेचं काम.

वयाचा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही. नागपंचमीला माहेरी आलेल्या लेकी फेर धरतात, तेव्हा त्यांत नव्या नवरीच्या शेजारी नातवंडांची आजीही असते. आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद सोडल्यावर चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं आणि साठी उलटलेले वारकरी टाळांच्या ठेक्यावर पावली खेळतात. माण-आटपाडीकडचं धनगरांचं गजीनृत्य ढोलाच्या संथ लयीत सुरू होतं आणि बघता बघता चढत जातं. यातल्या कशालाही प्रवेशअर्ज लागत नाही. शेजारच्याच्या पावलाकडे बघायचं आणि आपलं पाऊल टाकायचं, एवढीच तालीम. मोठ्या माणसांनी नाचणं ही इथली जुनी रीत आहे.

मग संकोच आला कुठून? एक तर नृत्यशिक्षण परीक्षांच्या जिन्याने चढू लागलं. मिरजेशी जवळचं नातं असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांनी गावोगावच्या मुलींना कथक-भरतनाट्यमची शिस्त दिली आणि नृत्याला घरात मान मिळवून दिला. हे ऋण मोठं आहे. पण लहानपणी पहिली पायरी चुकली की हा जिना आपला नव्हे, अशी समजूतही रुजली.

दुसरं कारण अधिक बोचरं आहे. तमाशाने हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या रिझवला. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळूंचा फड कवलापूरचा. पण लावणीवर जीव टाकणाऱ्या समाजाने ती नाचणाऱ्या बाईला उंबरठ्याबाहेरच ठेवलं. ‘नाचणारी’ हा शब्द शिवीसारखा वापरला गेला आणि त्याचा धाक घराघरांतल्या मुलींच्या पायांवर बसला. वाईच्या लावणी-कलावती यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. त्यांच्या बैठकीच्या लावणीत बसल्या जागी, एकाच ओळीवर नजर आणि हात बदलत अर्थ फुलवत न्यायचा असतो. देह कमी हलला की नाच उणा होतो, हा समज या अदाकारीपुढे टिकत नाही. आज एखादी गृहिणी निर्धास्तपणे नृत्यवर्गाची पायरी चढते, तेव्हा त्या निर्धास्तपणाची किंमत अशा कलावतींनी आधीच मोजलेली आहे, याची आठवण या पुस्तकाच्या पानोपानी आहे.

आधुनिक नृत्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका आणि जर्मनीत आकाराला आलं. ठरलेल्या मुद्रा आणि पदन्यास यांच्या आधी त्याने श्वास, वजन आणि पाठीचा कणा यांचा विचार केला. मार्था ग्रॅहम यांनी श्वास सोडताना आक्रसणाऱ्या आणि घेताना खुलणाऱ्या धडातून आपली पद्धत उभी केली. डोरिस हम्फ्री यांनी तोल जाणं आणि सावरणं यांतून. रुडॉल्फ लाबान यांनी तर नर्तक नसलेल्या हौशी माणसांचे मोठे वृंद हलते केले.

या परंपरेतली बरीच माणसं उशिरा आलेली होती. ग्रॅहम नृत्यशाळेत दाखल झाल्या त्या २२व्या वर्षी. उदय शंकर लंडनला गेले ते चित्रकला शिकायला. १९२३ साली बॅले-नर्तिका आना पाव्हलोव्हाबरोबर ते रंगमंचावर आले, तेव्हा शास्त्रीय नृत्याची रीतसर तालीम त्यांच्यापाशी नव्हती. त्यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात पुढे शिकवणाऱ्या जोहरा सेहगल विशीच्या सुमाराला ड्रेस्डेनला मेरी विगमन यांच्याकडे नृत्य शिकायला गेल्या होत्या.

‘पण हे बाहेरचं,’ अशी शंका कुणी घेतली तर सांगलीकडे बघावं. १८४२ साली कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे नृत्य-गायनाचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभं राहिलं. भाव्यांच्या खेळांत सरस्वती मोरावर नाचत येई. मराठी रंगभूमीचं पहिलं पाऊल असं नाचरं होतं, आणि ते पाहुण्याकडून शिकलेलं होतं.

आता थोडं कामाचं. नव्याने येणाऱ्याला वाटतं, आपल्याला काहीच येत नाही. पण पाणी शेंदणं, पोतं पाठीवर घेणं, मूल कडेवर घेऊन चालणं यांत वजन कसं तोलायचं, हे देहाने कधीच शिकून घेतलेलं असतं. परतणाऱ्याची अडचण उलटी. मनाला जुना तोडा जसाच्या तसा आठवतो, मात्र पोटऱ्या आणि गुडघे वीस वर्षांनी मोठे झालेले असतात. मन पुढे धावतं आणि स्नायू दुखावतो. म्हणून अशांनी पहिले काही महिने उड्या आणि खोल अरमंडी टाळावी, तत्कारही अर्ध्या लयीत करावा. आपल्याकडे बहुतेक घरांत शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा असतो. तो पायाचा धक्का शोषत नाही, गुडघ्यांकडे परत पाठवतो. लाकडी जमीन किंवा घट्ट बसणारी रबरी चटई मिळेपर्यंत नाच जमिनीलगतच ठेवावा. सतरंजी सरकते, ती नको.

पहिल्या प्रकरणात फक्त चालणं आहे : टाच, चवडा, श्वास, वळण. ते वाचून कळणार नाही, करूनच कळेल. आणि शक्य असेल तर एकट्याने करू नका. बहिणीला बोलवा, शेजाऱ्याला बोलवा, हात धरा. फेर तसाच सुरू होतो.