विकेंद्रित वीजजाल-नियंत्रण

विद्युत्-जालाचे स्थैर्य एकाच मध्यवर्ती दफ्तराच्या हुकमावर न सोपविता जागोजागच्या यंत्रांकडे वाटून देण्याची पद्धती. तिचे मर्म कोल्हापूरकरास भोगावतीवरील राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांवरून सहज उमगावे: पाणी ठराविक पातळीस चढले की, कोणाच्याही फर्मानाची वाट न पाहता, ज्याचा तो दरवाजा आपसूक उघडतो. जालात पातळीच्या जागी वारंवारता असते. भारतात ती 50 हर्ट्झ असून, मागणी वाढून ती किंचित घसरताच जनित्राचा गतिनियामक टर्बाइनची झडप त्या घसरणीच्या प्रमाणात अधिक उघडतो. आणि हे प्रमाण (पूर्ण भारास वेगात साधारणतः 3 ते 6 टक्के घट) आधीच बांधून दिलेले असल्याने, शेकडो कोसांवरील यंत्रे परस्परांशी चकार शब्द न बोलता वाढीव भार वाटून घेतात. वारंवारता पूर्वपदावर आणण्याचा सावकाश कारभार तेवढा भारप्रेषण केंद्राकडे उरतो. अशा तत्पर प्रतिसादास जलविद्युत्, आणि त्यातही शेजारच्या कोयनेचा 1,960 मेगावॉटांचा प्रकल्प, विशेष सोयीचा. छपरावरील सौर पॅनेलांत मात्र फिरते चक्रच नाही, त्यामुळे जडतेचा आधारही नाही; तेथे इन्व्हर्टरच्या आज्ञावलीत हीच शिस्त कृत्रिम रीतीने बाणवावी लागते.