यकृतकांचा वंशवृक्ष आणि शिवराम कश्यप

पावसाळा लागला की ओल्या भिंतींवर आणि खडकांवर हिरवा मखमली थर चढतो. लोक त्याला सरसकट शेवाळ म्हणतात. वनस्पतिशास्त्र मात्र तेथे भेद करते. पाण्यात वाढणारी शैवले निराळी आणि भूमीवर पसरणाऱ्या हरिता, यकृतका व शृंगका निराळ्या. या तिन्ही वर्गांना मिळून शेवाळी असे नाव आहे. त्यांना खरी मुळे नाहीत, काष्ठमय वाहिन्या नाहीत, आणि फलनाला पाण्याचा थेंब लागतो.

लिनीअसने १७५३ साली या वनस्पतींना 'गुप्तविवाही' वर्गात घातले, कारण त्यांचे प्रजनन कोणास उलगडलेले नव्हते. पुढे योहान हेडविग या वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली हरितांची नर व मादी अंगे ओळखली. त्याच्या मृत्यूनंतर १८०१ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ हा हरितांच्या नामकरणाचा आरंभबिंदू मानला जातो. १८५१ मध्ये हॉफमाइस्टरने दाखवून दिले की, शेवाळीच्या जीवनात दोन पिढ्या आळीपाळीने येतात : एक हिरवी व स्वावलंबी, दुसरी तिच्यावरच पोसली जाऊन बीजुके निर्माण करणारी.

आता प्रश्न उरला वंशक्रमाचा. रिक्सिया ही यकृतका अगदी साधी. तिची बीजुकांची कुपी देहातच रुतलेली असते. मार्केन्शियाला मात्र देठावर उभारलेल्या छत्र्या असतात. तेव्हा साध्यापासून जटिल उत्पन्न झाले, हे मत स्वाभाविकच होते. बाऊरसारख्या विद्वानांनी ते मांडले.

झेलम येथे १८८२ मध्ये जन्मलेल्या शिवराम कश्यप यांनी या मताला आव्हान दिले. वैद्यकाचे शिक्षण घेतलेला हा मनुष्य लाहोरला वनस्पतिशास्त्राचा अध्यापक झाला आणि हिमालयाच्या दऱ्याखोऱ्यांतून व तिबेटातून हिंडून त्याने यकृतका जमविल्या. एटचिसोनिएला, सीवर्डिएला यांसारख्या नव्या प्रजाती त्यांनी जगापुढे ठेवल्या. मधल्या पायऱ्या दाखविणारे हे नमुने पाहून त्यांनी उलट अनुमान काढले : साधेपणा हा येथे आरंभ नसून ऱ्हासाचा परिणाम आहे, देठ आखूड होत गेले, अवयव लोपत गेले आणि शेवटी रिक्सियासारखे रूप उरले. पश्चिम हिमालय व पंजाबच्या मैदानातील यकृतकांवरील त्यांचा ग्रंथ १९२९ व १९३२ साली दोन भागांत निघाला. १९३४ मध्ये ते निवर्तले.

गुणसूत्रांतील जनुके वाचण्याची विद्या त्यांच्या काळी नव्हती. ती हाती आल्यावर असे दिसून आले की, रिक्सिया ही यकृतकांच्या मुळाशी नाही; जटिल देहाच्या यकृतकांमध्येच तिचे स्थान आहे. शेवाळीचे तिन्ही वर्गही बहुधा एकाच पूर्वजाचे वंशज आहेत आणि त्यांनी पूर्वजांकडील बरेच काही गमावले आहे, असे अलीकडचे संशोधन सांगते. कश्यपांचे प्रत्येक अनुमान टिकले असे नव्हे. परंतु जे साधे ते आद्य असलेच पाहिजे, हा समज त्यांनी हिमालयातील पुराव्यानिशी हलविला, एवढे श्रेय त्यांना निश्चितच द्यावे लागेल.