लोखंडाला थकवा येतो तेव्हा

मी बी.ए. झालेला, कवितेतला माणूस. लोखंडाशी माझा संबंध कडीकुलपापुरता. पण 'थकवा' हा आपला, हाडामांसाचा शब्द लोखंडाला कसा चिकटला, त्याची हकिगत मोठी विलक्षण आहे.

८ मे १८४२, रविवार. व्हर्सायचा उत्सव पाहून माणसं आगगाडीनं पॅरिसला परतत होती. वाटेत पुढच्या इंजिनाचा आस तुटला, मागचं सगळं त्यावर आदळलं आणि आग भडकली. डब्यांना बाहेरून कुलपं होती! पन्नासहून अधिक माणसं गेली. अंटार्क्टिकाहून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल बायको-मुलासह त्यात गेला.

रोजचंच ओझं वाहणारा आस अचानक का तुटावा? तुटलेल्या जागी लोखंड खडीसाखरेसारखं चमकायचं. त्यावरून पुष्कळ जाणकार म्हणत, धक्के खाऊन लोखंडाचे तंतू जातात, त्याचे स्फटिक होतात. १८४३मध्ये विशीतल्या रँकिननं लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे वेगळं मांडलं : आसाची जाडी जिथं एकदम बदलते त्या कोपऱ्यापासून तो तुटत जातो, तो कोपरा गोलसर करा. इतकी साधी गोष्ट, पण वाद संपला नाही. १८४९-५०मध्ये बर्मिंगहॅमच्या यंत्र अभियंत्यांच्या सभेत तो पुन्हा रंगला. अध्यक्ष रॉबर्ट स्टीफन्सन यांना स्फटिकांची गोष्ट काही पटेना.

मे १८५४मध्ये, म्हणजे आपली मुंबई-ठाणे गाडी सुरू होऊन वर्ष होतं न होतं तोच, लंडनच्या त्याच संस्थेत फ्रेडरिक ब्रेथवेट यांनी निबंध वाचला. त्याच्या शीर्षकातच धातूंचा 'थकवा' होता. शब्द आपला नाही, फील्ड यांचा, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितलं. (आमच्या कवींत हे क्वचितच घडतं.) पंप, क्रेन, बीअरच्या कारखान्यातली यंत्रं असे दाखले देत ते म्हणाले, कारण न सापडलेल्या कित्येक अपघातांच्या मुळाशी हाच थकवा आहे.

शब्द सुंदर, पण मला तो अर्धाच खरा वाटतो. थकलेला माणूस रात्रभर झोपला, सकाळी कपभर चहा प्याला, की पुन्हा उभा राहतो. लोखंडाला ती सोय नाही. शनिवारी चीर जिथवर आली, सोमवारी तिथूनच पुढे सरकते.

मोजमाप केलं ते जर्मनीतल्या रेल्वेच्या ऑगस्ट व्होलर यांनी. आस फिरवत, वाकवत ठेवणारं यंत्र त्यांनी बनवलं. एका झटक्यात जे ओझं लोखंड सहज पेलतं, त्याहून कमी ओझ्यानंही ते तुटतं. फक्त ते पुन्हापुन्हा पडायला हवं. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे तक्ते मांडले गेले. पुढे प्रत्येक प्रयोगशाळेची चाचणी निराळी, म्हणून १८८४मध्ये बाउशिंगर यांनी म्युनिकला परिषद बोलावली. सगळ्यांनी एकाच मापानं मोजावं यासाठी.

आज आपल्या रेल्वेच्या कारखान्यांत आसाला यंत्र लावून ध्वनिलहरी आत सोडतात. आत कुठं चीर असली तर लहर तिथूनच माघारी येते, आणि तो आस बाजूला काढतात.